ही लोकं स्वतःच्याच विरोधात मत का देतात?

इलेक्शन झालं की इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, देशी मंडळींच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो, आणि भारतातून फोन करणारेही तोच विचारतात. की ही गावाकडची गोरी लोकं ट्रम्पला मत देतात, त्यांच्याच गावातलं हॉस्पिटल बंद पडायची वेळ येते, त्यांचाच मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्य विमा, कापला जातो, मग देतात कशी? त्यावर कोणी म्हणतं शिक्षण नाही हो, कोणी म्हणतं फॉक्स न्यूज, कोणी म्हणतं सरळसरळ रेसिझम आहे, आणि मग जेवण वाढलं जातं आणि विषय संपतो. मला तो तिथे संपलेला अजिबात आवडत नाही. मी बरीच वर्षं वेस्टर्न पेनसिल्वेनियात राहतेय, म्हणजे ही "लोकं" माझे शेजारी आहेत, आणि समाजशास्त्राची पुस्तकं वाचायचा नाद मला कॉलेजपासूनचा. ह्या प्रश्नावर इथल्या समाजशास्त्रज्ञांनी इतकं चांगलं काम केलंय की ते आपल्या लोकांपर्यंत पोचावं असं मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितेय. लांबलंय, पण वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे प्रश्नातच एक गृहीत धरलेलं आहे. माणूस एकटा बसतो, माझा फायदा किती, तोटा किती असा हिशोब मांडतो आणि मग जाऊन मत देतो. असं कोणी करतं का? माझ्या ओळखीत तरी नाही. आपण ज्यांच्यात उठतो-बसतो, ज्यांना मानतो, ज्यांच्यासमोर आपली मान खाली जाऊ नये असं वाटतं, त्यांच्याबरोबर मत देतो, आणि हिशोब जमलाच तर नंतर जमवतो. हे शिकलेल्यांचंही तसंच आहे, फक्त शिकलेल्यांना नंतरचा हिशोब जास्त चांगला मांडता येतो.

आता आमच्याच भागाचं उदाहरण घ्या. बीव्हर, वॉशिंग्टन, फेयेट ह्या पिट्सबर्गच्या आसपासच्या काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग. कोळसा आणि पोलाद. १९८४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन रेगन ५० पैकी ४९ राज्यं जिंकले, पेनसिल्वेनियाही जिंकले, पण ह्या काउंट्या डेमोक्रॅट वॉल्टर मोंडेलबरोबर राहिल्या. २०२४ ला त्याच काउंट्यांत ट्रम्प मोठ्या फरकाने जिंकले. मधल्या चाळीस वर्षांत काय झालं असं विचारलं की सगळे म्हणतात कारखाने बंद पडले, लोकं चिडली. पण थांबा ना. कारखाने कधी बंद पडले? होमस्टेडची प्रचंड मोठी स्टील मिल १९८६ ला बंद झाली, अलिक्विपामधली मिल त्याच सुमाराला बहुतेक संपली, म्हणजे सगळ्यात जास्त हाल झाले ते ऐंशीच्या दशकात, घरं गेली, तरुण पोरं टेक्ससकडे निघून गेली, आणि नेमकं तेव्हाच ही माणसं डेमोक्रॅट राहिली. रागाचं गणित इतकं सरळ असतं तर उलटं व्हायला हवं होतं. नुसत्या आर्थिक त्रासाने हे कोडं सुटत नाही, आणि "इकॉनॉमिक अँग्झायटी की रेसिझम" हा जो २०१६ पासून टीव्हीवर वाद चाललाय त्यात मला राम वाटत नाही तो ह्याचमुळे.

हार्वर्डच्या समाजशास्त्रज्ञ थीडा स्कॉचपोल आणि त्यांची विद्यार्थिनी लेनी न्यूमन ह्यांनी २०२३ ला ह्याच भागावर एक पुस्तक काढलं. न्यूमन स्वतः इथली. निवृत्त स्टील कामगारांशी बोलायचं, युनियनची जुनी वार्तापत्रं चाळायची, युनियनचे हॉल कुठे होते आणि आता तिथे काय आहे ते बघायचं, असं काम. त्यातून जे पुढे आलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. पूर्वी युनियन म्हणजे फक्त पगारवाढ मागणारी संस्था नव्हती. युनियनचा हॉल गावात असायचा, तिथे बार, तिथेच पोरीच्या लग्नाचं रिसेप्शन, बोलिंगची लीग, लहान मुलांची ख्रिसमस पार्टी, कोण रिटायर झालं कोणाला नातू झाला ते सगळं वार्तापत्रात छापून यायचं. डेमोक्रॅटला मत देणं हा त्या सगळ्या सोबतीचा एक भाग होता, आपल्या माणसांशी इमान राखण्यासारखं. उमेदवाराचं आरोग्यविषयक धोरण वाचून कोणी मत देत नव्हतं तेव्हाही. मग मिल गेल्या, हॉल विकले गेले, युनियन उरली ती कुठेतरी लांब ऑफिसात, आणि ती मोकळी झालेली जागा हळूहळू गन क्लबांनी आणि मोठ्या इव्हँजेलिकल चर्चनी घेतली. शिकार इथे आधीपासून होतीच, बंदुका होत्याच, पण आता भेटायचं ठिकाणच ते झालं. तिथे येणारी माणसं तीच, त्यांचे मुलगे, नातू. फक्त भिंतीवरचं पोस्टर वेगळं.

हे व्हायला वेळ लागला, एका रात्रीत पक्ष बदलले नाहीत. त्यामुळेच १९८४ आणि २०२४ मधला फरक मिल बंद होण्याच्या तारखेशी जुळत नाही, तो त्या सोबतीच्या विरण्याशी जुळतो.

आकडेही तेच सांगतात. १९५० च्या दशकात अमेरिकेतले साधारण एक तृतीयांश कामगार युनियनमध्ये होते, २०२४ मध्ये ते प्रमाण १० टक्क्यांच्याही खाली गेलं. चर्चचंही बघा, काही मोठी चर्च भरली तरी देशभरात एकूण सभासद कमीच झाले, गॅलपच्या पाहणीत १९९९ ला ७० टक्के लोक कुठल्या ना कुठल्या चर्च, सिनेगॉग किंवा मशिदीचे सभासद होते, २०२० ला ४७ टक्के. आणि २०२३ मध्ये देशाच्या तेव्हाच्या सर्जन जनरलनी, म्हणजे सरकारचे मुख्य आरोग्य सल्लागार विवेक मूर्तींनी, एकटेपणा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे म्हणून रीतसर इशारा काढला. सिगरेटवर जसे इशारे निघाले तसा.

राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम ह्यांनी हे सगळं, म्हणजे माणसांचं एकत्र येणं कसं कमी झालं ते, २००० सालीच लिहिलं होतं आणि त्यांचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. ते टीव्हीला बराच दोष देतात. मला त्यापेक्षा स्कॉचपोलबाईंचं आधीचं म्हणणं जास्त पटतं. त्या म्हणतात जुन्या अमेरिकेत एल्क्स, ईगल्स, अमेरिकन लीजन असल्या संस्था होत्या ज्यात बँकेचा मॅनेजर आणि प्लंबर एकाच खोलीत बसायचे, आळीपाळीने अध्यक्ष व्हायचे, सभा कशी चालवायची ते साधा माणूस तिथे शिकायचा. (बायका वेगळ्या, काळे लोक वेगळे, हे त्याही सांगतात आणि ते विसरायचं नाही.) १९६० च्या दशकानंतर शिकलेला वर्ग तिथून उठून गेला, व्यावसायिक संघटनांत गेला, आणि सामाजिक काम म्हणजे राजधानी वॉशिंग्टनमधल्या एखाद्या संस्थेला वर्षातून एकदा चेक पाठवणं झालं. सभासद म्हणजे मेलिंग लिस्टवरचं नाव. म्हणजे उठून कोण गेलं? आपण ज्यांना अडाणी म्हणतो ते नाही गेले, ते तिथेच बसून होते.

कोणाला हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर लेंटच्या दिवसांत, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या काही आठवड्यांत, कुठल्याही शुक्रवारी पिट्सबर्गच्या बाजूच्या कुठल्याही छोट्या गावातल्या फायर हॉलमध्ये, म्हणजे अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, जाऊन बसा. फिश फ्राय असतो. कॅथलिक लोक त्या शुक्रवारी मटण-चिकन खात नाहीत म्हणून तळलेला मासा, पावाच्या दोन्ही बाजूंनी चांगला वीतभर बाहेर आलेला, सोबत हलुश्की म्हणजे कोबी घालून बटरमध्ये परतलेल्या नूडल्स, पिरोगी, कोलस्लॉ. लांब फोल्डिंग टेबलं, त्यावर कागदी आच्छादन, आणि तुम्ही अनोळखी असलात तरी जागा असेल तिथे बसायचं, वेगळं टेबल मिळत नाही. वाढणारे सगळे स्वयंसेवक, बरेचसे सत्तरीच्या पुढचे. त्या पैशातून आगीच्या बंबाचं डिझेल, बूट, कोट. पेनसिल्वेनियात बहुतेक अग्निशमन दलं अशी स्वयंसेवकांवरच चालतात, आणि १९७० च्या दशकात राज्यात तीन लाखांच्या आसपास स्वयंसेवक होते ते २०१८ पर्यंत चाळीस हजारांच्या खाली आलेत. म्हणजे तुमच्या घराला आग लागली तर कोण येणार हा खरोखरचा प्रश्न आहे.

मी दर वर्षी जाते. तिथे राजकारणावर चर्चा होते असं जर कोणाला वाटत असेल तर होत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनची होते, कोणाच्या ट्रकचं ट्रान्समिशन गेलं त्याची होते, कोणाचा नातू पुन्हा रिहॅबमध्ये, व्यसन सोडवायला, गेला ते हळू आवाजात सांगितलं जातं. आणि ह्या सगळ्याच्या मधे कोणीतरी एक वाक्य टाकतो, "त्यांना काय, त्यांनी कधी इथे येऊन बघितलंय?", आणि टेबलावरचे सगळे मान हलवतात आणि परत गुडघ्यावर येतात. "ते" म्हणजे कोण हे कोणी विचारत नाही कारण सगळ्यांना माहिती आहे. राजकारण असं पोचतं. तासभराच्या गप्पांतलं अर्धं मिनिट, पण ते अशा माणसाच्या तोंडून येतं ज्याने तुमच्या वडिलांची शवपेटी खांद्यावर घेतलेली असते. टीव्हीवरच्या कुठल्या जाहिरातीला ह्याच्याशी स्पर्धा करता येणार?

ह्यावर लगेच कोणी म्हणेल की जुन्या युनियनचे गोडवे गाताय. नाही, आणि ही बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. त्या स्टील मिलमध्ये काळ्या कामगारांना कोक ओव्हनसारखी, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांवरची, सगळ्यात गरम, सगळ्यात घाणेरडी कामं दिली जायची, आणि सीनियॉरिटी विभागाप्रमाणे मोजत असल्यामुळे चांगल्या विभागात बदली घेतली तर वर्षानुवर्षांची सीनियॉरिटी शून्य. ह्यात कंपन्यांबरोबर युनियनचाही हात होता. १९७४ ला कोर्टातून तडजोड झाली तेव्हा कुठे हे बदलायला लागलं, आणि मग दहाएक वर्षांतच मिल बंद. म्हणजे दार उघडलं आणि घरच पडलं. काळे समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस ह्यांनी १९३५ मध्येच लिहून ठेवलंय की गोऱ्या कामगाराला पगार कमी मिळत असला तरी वर एक मानसिक मजुरी मिळते, त्याला लोक आदराने हाक मारतात, पोलीस त्याच्यातलेच, चांगली शाळा त्याच्या पोरांना, आणि ह्या मजुरीमुळे तो काळ्या कामगाराबरोबर एकत्र यायचं टाळतो. नव्वद वर्षं झाली, पण आजही "स्वतःच्या फायद्याच्या विरोधात" म्हणणाऱ्यांना मी आधी हेच वाचायला सांगेन. मान हा पण फायदाच आहे. त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजलेली असते हा भाग वेगळा, आणि तोच सगळ्यात त्रासदायक भाग आहे.

आता आर्ली हॉकशील्ड. बर्कलीच्या समाजशास्त्राच्या प्राध्यापक, म्हणजे अगदी डाव्या गावातल्या, आणि ह्या बाई पाच वर्षं लुईझियानातल्या लेक चार्ल्स भागात जाऊन-येऊन राहिल्या. पेट्रोकेमिकलचे कारखाने, खाडीचं पाणी खराब, मासे खायची सोय नाही, घराघरात कॅन्सर, आणि तरी लोक पर्यावरण खात्यालाच विरोध करतात. २०१६ ला त्यांचं पुस्तक आलं. त्यांनी त्या लोकांच्या मनातली एक गोष्ट शब्दांत मांडली आणि मग त्यांनाच वाचून दाखवली, बरोबर आहे का विचारलं. गोष्ट अशी: एक लांबच लांब रांग आहे, डोंगर चढतेय, पलीकडे अमेरिकन ड्रीम. तुम्ही मधे कुठेतरी उभे आहात, आयुष्यभर कष्ट केलेत, नियम पाळलेत, आणि रांग हलतच नाही. तेवढ्यात पुढे काही लोक मधे घुसताना दिसतात, काळे, बायका, इमिग्रंट, निर्वासित, आणि रांग सांभाळणारा प्रेसिडेंटच त्यांना हात करून बोलावतोय. लोक म्हणाले हो, हेच, अगदी हेच.

ही गोष्ट वाचताना मला आपलीच माणसं आठवली, आणि हे मला स्पष्ट लिहायचंय. कारण भारतीयांसाठी अमेरिकेत रांग ही कल्पना नाही, ती कागदावर आहे. नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यात कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, १९९० च्या कायद्यापासून, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग दशकांत मोजावी लागते. लोकांची मुलं इथे वाढून २१ ची होतात आणि आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात. ही वेदना खरी आहे, मी त्या रांगेत उभी राहिलेय. आणि ह्याच वेदनेतून आपल्या स्नेहसंमेलनांत, गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत, मी हे वाक्य कितीतरी वेळा ऐकलंय की आम्ही नियमाने आलो, टॅक्स भरतो, आणि ते बॉर्डर ओलांडून येतात आणि ह्यांना सगळं फुकट. शब्दाला शब्द तेच. लुईझियानातल्या त्या माणसाचं वाक्य आणि न्यू जर्सीतल्या आपल्या सॉफ्टवेअरवाल्याचं वाक्य एकच आहे, फक्त त्याच्या रांगेत मधे घुसणाऱ्यांमध्ये आपणही आहोत हे आपल्या लक्षात येत नाही. आणि बॉर्डरवरून येणारा ग्रीन कार्डच्या त्या रांगेत मुळात उभाच नसतो, त्याने आपला एकही नंबर घेतलेला नसतो. रांग अडली आहे ती काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, ठरवलेल्या आकड्यांमुळे. पण कायद्यावर राग धरता येत नाही, समोर दिसणाऱ्या माणसावर धरता येतो.

विस्कॉन्सिनमध्ये कॅथरीन क्रेमर ह्यांनीही अशीच माणसं ऐकली, त्या राज्यशास्त्राच्या असल्या तरी काम समाजशास्त्राच्या पठडीतलंच. राजधानी मॅडिसनहून गाडी काढायची, छोट्या गावात पहाटे पेट्रोल पंपावर कॉफी प्यायला जमणाऱ्या म्हाताऱ्यांच्या टोळक्यात जाऊन बसायचं, आणि ऐकायचं. सर्व्हेचा फॉर्म नाही काही नाही. त्यांना दिसलं की राग श्रीमंतांवर नव्हता. राग होता गावातल्या शाळामास्तरावर आणि सरकारी कर्मचाऱ्यावर, कारण गावात चांगला हेल्थ इन्शुरन्स आणि पेन्शन असलेला माणूस तोच एक, आणि त्याचे पैसे माझ्या प्रॉपर्टी टॅक्समधून जातात. अब्जाधीश कधी डोळ्यांना दिसतच नाही, तो कोणाच्या गावात राहत नाही. २०११ मध्ये गव्हर्नर स्कॉट वॉकर ह्यांनी बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांचा सामूहिक सौदेबाजीचा, म्हणजे युनियनमार्फत पगार-सवलती ठरवायचा, हक्क जवळजवळ काढून घेतला तेव्हा मॅडिसनमध्ये लाखभर लोक रस्त्यावर आले, पण ह्या गावांतून वॉकरना पाठिंबाच मिळाला, पुढच्या वर्षी त्यांना मुदतीआधी काढायला झालेल्या रिकॉल निवडणुकीतही ते टिकले. युरोपसारखा इन्शुरन्स सगळ्यांनाच असता तर हा राग पेटायला जागाच राहिली नसती. इथे इन्शुरन्स नोकरीला चिकटलाय, दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर बंधनं आली म्हणून कंपन्यांनी तो द्यायला सुरुवात केली आणि तीच पद्धत राहिली, आणि त्यामुळे शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन माणसांत एवढी मोठी भिंत उभी राहिली.

प्रॉपर्टी टॅक्सवरून आठवलं, आपण स्वतः काय करतो तेही बघू. पेनसिल्वेनियात ५०० स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, म्हणजे सरकारी शाळा चालवणारे वेगवेगळ्या हद्दींचे विभाग. शाळेच्या पैशाचा मोठा वाटा स्थानिक घरपट्टीतून येतो, म्हणजे महाग घरं तिथे चांगली शाळा, चांगली शाळा म्हणून घर आणखी महाग. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे काढून काळ्या वस्त्या लाल रंगवल्या, तिथे कर्ज मिळणं अवघड झालं, १९६८ ला घरांबाबतचा भेदभाव कायद्याने बंद झाला, पण डिस्ट्रिक्टच्या हद्दी राहिल्या. आपला माणूस अमेरिकेत आला की घर बघताना पहिला प्रश्न विचारतो की शाळेचं रेटिंग किती. मी पण विचारला, कोणताही आईबाप विचारेल, त्यात कोणाचा दुष्टपणा नाही. पण सगळ्यांनी तोच विचारला की दहा मैलांवर दोन वेगळे देश तयार होतात, आणि मग आपल्या मुलांना फेयेट काउंटीतला मुलगा कधी भेटत नाही आणि त्याला आपली मुलं भेटत नाहीत, आणि दोघं एकमेकांबद्दल फोनवर शिकतात. मत पडतं नोव्हेंबरमध्ये, पण ते बऱ्याच अंशी ठरतं घर घेताना.

समोरासमोर भेटायला जागा असणं हे किती जीवनमरणाचं असतं ते समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग ह्यांनी दाखवलं. जुलै १९९५, शिकागोत उष्णतेची लाट, नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल, शेजारच्या वस्त्या, दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे, पण नॉर्थमधला मृत्युदर साउथच्या साधारण दहापट. क्लायनेनबर्ग त्या रस्त्यांवर फिरले. साउथमध्ये फुटपाथ गजबजलेले, दुकानं उघडी, म्हातारी माणसं उन्हातून निदान दुकानाच्या गारव्यात जाऊन बसली आणि कोण दिसलं नाही ते लोकांच्या लक्षात आलं. नॉर्थमध्ये नोकऱ्या आणि दुकानं गेलेली, रिकामे प्लॉट, म्हातारे भीतीने दारं-खिडक्या लावून आत, आणि आतच गेले. नॉर्थ लॉनडेल काळ्यांची वस्ती, साउथ लॅटिनोंची. संस्कृती म्हणून सोडून द्यायला सोपं आहे, पण नॉर्थमधली दुकानं आणि कारखाने कोणाच्या निर्णयांनी गेले हे बघितलं की तसं म्हणवत नाही.

ह्या सगळ्या मांडणीला न जुळणाऱ्या गोष्टीही आहेत. २०२४ मध्ये टेक्ससच्या सीमेवरची स्टार काउंटी, जवळजवळ सगळी मेक्सिकन वंशाची वस्ती, शंभराहून जास्त वर्षांनी रिपब्लिकन उमेदवाराकडे गेली. तिथे गोऱ्या कामगाराची मानसिक मजुरी वगैरे सरळ लावता येत नाही. इथली इरी काउंटी ओबामा, मग ट्रम्प, मग बायडन, मग परत ट्रम्प अशी फिरली, म्हणजे सोबतीचं इमान इतकं पक्कं असतं तर असं फिरली नसती. माझा अंदाज असा की जिथे जुनी सोबत संपलीय आणि नवी अजून पक्की झाली नाही तिथे माणसं अशी हेलकावतात, आणि तिथे महागाईसारखी साधी गोष्टही पारडं फिरवते. पण हा माझा अंदाज आहे, आणि स्टार काउंटीतल्या कुठल्यातरी पेट्रोल पंपावर कोणीतरी क्रेमरबाईंसारखं जाऊन बसायला हवं.

माझी एक जवळची मैत्रीण, काळी आहे, इथेच वाढलेली, तिचं ह्या सगळ्यावर एक ठाम म्हणणं आहे. ती म्हणते ह्या गोऱ्या लोकांना समजून घ्यायला प्रोफेसर पाच-पाच वर्षं देतात, पेपरवाले दर इलेक्शनला त्यांच्या डायनरमध्ये जाऊन बसतात, आमच्याकडे एवढ्या प्रेमाने कोणी विचारायला आलं का की तुला रांगेत कसं वाटतंय? मला हे शंभर टक्के पटतं. पिट्सबर्गजवळच्या ब्रॅडॉकचं बघा, तिथली मिल अजून चालू आहे, पण तिथलं हॉस्पिटल २०१० ला बंद झालं, तिथल्या काळ्या कुटुंबांचंही सगळं गेलं, आणि ती माणसं रागाने कोणाच्या मागे गेली नाहीत म्हणून बातमी झाली नाहीत. माझ्या मते फिश फ्रायच्या टेबलावर बसणं आणि तिचं म्हणणं ऐकणं ही दोन्ही कामं करायची आहेत, एकाच्या बदल्यात दुसरं नाही. मागच्या इलेक्शनच्या आधी दोन्ही पक्षांचे लोक आमच्या दारावर येऊन गेले, चांगली पोरं, बाहेरच्या राज्यातून आलेली, हातात फोन, फोनवर आमची नावं आणि मतदार यादीत आमची कुठल्या पक्षाकडे नोंद आहे ते. नोव्हेंबरनंतर त्यातलं कोणी परत आलं नाही. शेजारच्या चर्चचे लोक मात्र बर्फ पडला की फावडं घेऊन येतात, न विचारता, आणि मी हिंदू आहे हे त्यांना माहिती आहे.